पहिल्या बाकावरचे घड्याळकाका

घड्याळकाका शिडीवर चढून चर्चच्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत होते आणि पाळक खाली शिडी धरून उभे होते. दर सोमवारचं हे काम. पण कालच्या रविवारी काकांचा पहिला बाक रिकामा होता, त्याच्या आदल्या रविवारीही. काका मुलासुनेबरोबर पुलापलीकडच्या नव्या चर्चच्या मंडळीत बसलेले दिसले, ही बातमी उपासना संपताच पाळकांच्या कानावर आली होती.

या वर्षी बरेच जण तिकडे गेले. शिंपीण गेली, गायनसंघातल्या दोघी बहिणी गेल्या. ज्याचं लग्न पाळकांनी लावलं, ज्याच्या बापाला त्यांनीच माती दिली, तो सुतारसुद्धा गेला. प्रत्येक वेळी पाळक म्हणाले, "प्रभूची इच्छा," आणि घरी येऊन न जेवता झोपले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, प्रभूवर काय ढकलताय? राग आलाय तर राग आलाय म्हणा."

पण काकांचं जाणं म्हणजे भलतंच झालं. काकांना कमी ऐकू येतं म्हणून तर पाळकांनी माईक आणला होता. मूठभर माणसांत माईक कशाला, म्हणून मंडळीत केवढी वादावादी झाली! पाळक हट्टाला पेटले. "एका म्हाताऱ्याला देवाचं वचन ऐकू येत नसेल, तर मी इथे उभा राहून करतो काय?" माईक आला, आणि तेव्हापासून काका पहिल्या बाकावर बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवू लागले. एखाद्या रविवारी प्रवचन काही केल्या जमत नसलं, की पाळक थांबून काकांकडे बघायचे. ती मान डोलली की पुढचं वाक्य सुचायचं. इतर गेले तर गेले. याला मात्र सोडायचं नाही, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं.

"काका, तुम्हीही?" पाळक त्या पाठीला म्हणाले. "बाकीच्यांचं सोडा हो. तुम्ही कसे गेलात?"

पाठीला काय ऐकू येणार! काकांनी चावी काढली, काचेवरची धूळ रुमालाने पुसली आणि एकेक पायरी चाचपत खाली आले. मग सवयीने पहिल्या बाकावर बसले. पाळक समोर उकिडवे बसले आणि मोठ्याने म्हणाले, "तिकडचा पाळक माझ्यापेक्षा चांगला बोलतो का?"

काकांना प्रश्न कळला. समोरासमोर त्यांना सगळं कळायचं.

"देव जाणे, कसा बोलतो ते. पण तिकडे सगळं भिंतीवर लिहून येतं हो! एवढाली अक्षरं. गीत, वचन, त्याचं बोलणंसुद्धा, एक पोरगी बसून टाइप करते. सून म्हणाली, बाबा, वाचा. मी वाचायला लागलो आणि..." काकांचा चेहरा उजळला. "किती वर्षांनी कळलं पाळकसाहेब, काय चाललंय ते."

"आणि इथे?"

काका बाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"इथे माईक आला ना, तेव्हापासून तुमचं तोंड दिसत नाही मला. कान तर कधीच गेले होते. तुमचे ओठ बघूनच ऐकायचो मी. तो काळा गोळा बरोबर तोंडासमोर येतो."

पाळकांनी वळून बघितलं. माईक तिथेच होता, ताठ. काकांना नीट ऐकू यावं म्हणून ते दर रविवारी त्याला अगदी तोंड चिकटवून बोलत आले होते.

"अहो, मग सांगायचं नाही का!"

"कसं सांगणार? माझ्यासाठी आणलात. भांडून आणलात."

"आणि मान? मान कशाला डोलवत होतात मग?"

काका ओशाळले. "तुम्ही बोलता बोलता थांबायचात. माझ्याकडे बघायचात. तुमचा तो चेहरा बघवायचा नाही हो. म्हटलं, आपण मान हलवली नाही, तर हा माणूस पुढे बोलायचाच नाही."

हसावं की रडावं, पाळकांना कळेना. आपण या म्हाताऱ्याला सांभाळतोय, असं इतकी वर्षं वाटत होतं! लाज वाटली, आणि मग एकदम आशाही वाटली. माईक आत्ता काढून टाकतो काका, येत्या रविवारी या, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर काका आलेही असते. त्यांना नाही म्हणता येत नाही, हे तर आत्ताच कळलं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. काका त्या ओठांकडेच टक लावून बघत होते. पाळकांना मघाचा तो उजळलेला चेहरा आठवला आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

"मुलगा म्हणतो, आता सभासद म्हणून नावही तिकडेच घालू," काका म्हणाले. "येत्या रविवारी. मी म्हटलं, आधी पाळकसाहेबांना..."

काका मध्येच थांबले. पुढचं वाक्य त्यांना जमेना. ते पाळकांकडे बघत राहिले.

पाळकांनी मान डोलवली.

मग काका पुढे बोलू लागले.