यंदाच्या कैऱ्या

अखेर विज्ञानानं मृत्यूला बोलतं केलं होतं. फक्त ते यंत्र दोन थापट्या मारल्याशिवाय सुरू होत नसे.

केळुसकर मास्तरांनी थापट्या मारल्या आणि नळीत फुंकर घातली. घरोघरी असतं तसंच हे यंत्र. त्यानं गोड आवाजात सांगितलं, की फुप्फुसातल्या गाठीला आवर घालणारं राखणदार प्रथिन विषाणूनं निकामी केलं आहे. दिवाळी होईल, पुढचा उन्हाळा दिसणार नाही. मग त्यानं ‘आपला दिवस आनंदात जावो’ म्हटलं.

शैलाताई शेजारीच लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होत्या. वर्षाचं लोणचं. त्यांनी निम्म्या कैऱ्या बाजूला सारल्या.

“त्या कशाला काढल्यास?”

“आंबट आहेत हो फार.”

“अगं, कैऱ्याच ना त्या?”

“मग मला एकटीला एवढं लोणचं कुठं…” शैलाताई बोलता बोलता थांबल्या.

मास्तरांनी उठून बाजूच्या सगळ्या कैऱ्या पुन्हा बायकोपुढे सरकवल्या.

“मोठीच बरणी भर,” ते म्हणाले. “फक्त तिखट जरा बेतानं घाल. खोकला येतो मला.”