पहिला अंक

१९९८ साली सांगलीच्या डॉक्टर अनंतरावांनी हृदयरोगावरचं आंतरराष्ट्रीय मासिक थेट इंटरनेटवर सुरू केलं, जगात कुणालाही फुकट वाचता यावं म्हणून. त्यांच्या दहावीतल्या मुलीचे, मयूरीचे, पाय तर जमिनीवर ठरेनात. दवाखान्यात येईल त्याला ती कॉम्प्युटरपुढे बसवायची.

त्या दिवशी तपासणीला तासगावचे केरबाकाका आले. त्यांची बायको शालूबाई औषधं आणायला खाली गेली, तशी मयूरीनं काकांना खुर्ची ओढून दिली.

“काका, पहिल्याच अंकात तुमच्यावर लेख आहे. नाव नाही छापलेलं, पण तासगावचा द्राक्षबागायतदार म्हणजे तुम्हीच की. आता अमेरिकेतले डॉक्टर वाचणार.”

“आगं, अमेरिकेनं वाचायच्या आदी मला तरी सांग काय लिवलंय ते.”

मयूरी झरझर इंग्रजी वाचून लगेच मराठीत सांगू लागली. शाळेत तिच्या भाषांतराचं नाव होतं, कुठं अडायचं म्हणून नाही. “रुग्णाचं हृदय फार थकलं आहे. तो वर्षभर जगेल असं वाटत नाही. पत्नीच्या विनंतीवरून त्याला हे सांगितलेलं नाही.”

सांगून झालं आणि मग तिला कळलं, आपण काय सांगून बसलो. जीभ हासडावीशी वाटली. मान काही केल्या वर होईना.

केरबाकाकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले,



“मला कवाच ठावं हाय, पोरी. फकस्त शालूला कळू दिऊ नगंस. लय कष्टानं हसती ती माझ्यापुढं.”