कागदावरची स्नोड्रॉप

"पाठ आणखी भरा," जेबेझ थर्कल चित्रकाराच्या खांद्यावरून वाकून म्हणाला.

सेप्टिमस ऑर्डने गोठ्यातल्या गाईकडे पाहिलं, मग कागदाकडे. "थर्कलसाहेब, आत्ताच ती टेबलासारखी दिसतेय."

"मग तिच्यावर अख्ख्या गावाची पंगत बसेल अशी दिसू दे!"

स्नोड्रॉप चांगली गाय होती. पांढरीशुभ्र, देखणी, पण अंगाने बेताची. त्या वर्षी सगळ्या यॉर्कशरला लठ्ठ गाईंचं वेड लागलं होतं आणि जत्रेत सर्वांत लठ्ठ गाईला मिळणारा चांदीचा पेला जेबेझला हवा होता. ऑर्ड पोट भरत गेला, मांड्या फुगवत गेला, डोकं आणि पाय बारीक करत गेला. शेवटी चार काड्यांवर ठेवलेला पांढरा पेटारा कागदावर उभा राहिला. जेबेझने लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या.

चित्राच्या प्रती छापून निघाल्या. खाली ठळक अक्षरांत, 'जेबेझ थर्कल यांची स्नोड्रॉप'. गावोगावच्या गुत्त्यांच्या भिंतींवर ती चढली. अनोळखी लोक जेबेझला रस्त्यात थांबवून हात मिळवू लागले.

शेजारची विधवा टॅबिथा गार्थ मात्र कुंपणावरून हसली. "काय हो थर्कल, गाय अजून गोठ्यात मावते का? की दार तोडलंत?"

"जत्रेत बघालच, टॅबिथाबाई!"

स्नोड्रॉपची सख्खी बहीण टॅबिथाकडे होती. हिवाळाभर ती गाय कोणाच्या नजरेस पडली नव्हती.

जत्रेची सकाळ उजाडली. गाय घासूनपुसून, गळ्यात निळी फीत बांधून जेबेझ मैदानात शिरला. गर्दी पुढे सरसावली आणि तिथेच थबकली.

परीक्षक होते जमीनदार सर लँबर्ट. हातातलं छापील चित्र त्यांनी पाहिलं, गाय पाहिली, पुन्हा चित्र पाहिलं. "थर्कल, ही कोणाची गाय आणलीस?"

"माझीच, साहेब. स्नोड्रॉप."

"ही? अरे, चित्रातल्या गाईत हिच्यासारख्या दोन मावतील!"

तेवढ्यात मागे गलका झाला. टॅबिथा आपली गाय घेऊन येत होती. पांढरीशुभ्र. सपाट रुंद पाठ, जमिनीला टेकू पाहणारं पोट. लोक भिंतीवर रोज पाहत होते ती गाय समोरून चालत येत होती.

"हीच ती स्नोड्रॉप!" कोणीतरी ओरडलं. "बाईने गाय बदलली!"

"जीभ झडेल तुझी! पेंड आणि सलगम चारून पोटच्या पोरीसारखी वाढवलीय हिला!"

पण शिपायाने टॅबिथाचा दंड धरलाही होता. गुरं चोरणाऱ्याला त्या काळी फाशी होती.

सर लँबर्टनी चित्र उंच धरलं. "थर्कल, नीट बघून सांग. या दोघींपैकी चित्रातली कोणती?"

 टॅबिथाच्या गाईकडे नुसतं बोट दाखवलं की पेला त्याचा होता. टॅबिथा त्याच्याकडे पाहत होती. टोमणा मारायचंही भान तिला उरलं नव्हतं.

"कोणतीच नाही," जेबेझ पुटपुटला. मग छाती भरून ओरडला, "कोणतीच नाही, साहेब! असली गाय माझ्याकडे कधी नव्हतीच. मीच ती कागदावर फुगवायला लावली. बाईंना सोडा, ती गाय त्यांचीच आहे."

मैदानात असा हशा उसळला की घोडी बुजली. पेला टॅबिथाला मिळाला. तो छातीशी धरून ती रडली, हसली आणि सगळ्यांदेखत जेबेझच्या गालाचा तिने मुका घेतला. जेबेझच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

सर लँबर्ट मात्र भडकले होते. "असल्या खोटारड्यांची बोटं ठेचली पाहिजेत! कुठे आहे तो चित्रकार?"

ऑर्ड एका गाडीमागे सापडला. सर लँबर्टनी त्याची कॉलर धरली आणि त्याला फरफटत तंबूच्या मागे नेलं. बाहेर लोक कान टवकारून उभे राहिले.

तंबूमागे कोणी नाही हे बघून सर लँबर्टनी त्याची कॉलर सोडली, हाताने नीट केली आणि आवाज अगदी खाली आणला.

"माझ्याकडे एक मेंढा आहे. जरा हडकुळाच आहे. सोमवारी याल का, ऑर्डसाहेब?"