लाईट गेली तेव्हा

चार वाजता शिवकन्याने प्रोग्राम सुरू केला. दहा हजार रुग्णांना गोळी घेण्याची आठवण जायची होती. नंबर सगळे खोटे, पण परीक्षा खरी. मधेच कधीतरी पुण्याहून परीक्षक राजेश्री मॅडम प्रोग्राम बंद पाडणार होत्या. तो पुन्हा सुरू झाल्यावर एकही निरोप राहता कामा नये, एकही दोनदा जाता कामा नये. नोकरी करणाऱ्या डेव्हलपरांच्या या कोर्समधली ही तिची तिसरी आणि शेवटची संधी. पास झाली तर कंपनीतली नवी टीम तिच्या हाती येणार, नाहीतर आठ वर्षं करतेय तेच काम पुढे रेटायचं.

पहिल्या खेपेला प्रोग्रामने पुन्हा एकपासून श्रीगणेशा केला होता. दुसऱ्या खेपेला तिने कुठवर आलो याची नोंद ठेवली, तरी एका नंबरला निरोप दोनदा गेला. "एकच तर गेला," ती कुरकुरली होती. "त्या एकाने गोळी दोनदा घेतली तर?" मॅडमनी विचारलं होतं.

राणीसावरगावात रेंज लपंडाव खेळते, म्हणून ती मळ्यातल्या आखाड्यावर, शेतातल्या खोपीत, बसली होती. लॅपटॉपच्या बॅटरीने कधीच राम म्हटला होता, तो वायरीच्या जिवावर चाले. बाहेर तिचे वडील बन्सीधर, म्हणजे आबा, हळदीला पाणी देत होते.

निरोप भराभर चालले होते. सहा हजार चारशे दहा, अकरा, बारा... आणि स्क्रीन काळी झाली. विहिरीवरची मोटरही गप्प.

"शिवकन्या, मी अजून काहीच केलं नाही," फोनवर मॅडम म्हणाल्या.

"लाईट गेली, मॅडम."

"मग पहिल्यापासून घेऊ या?"

सोपं होतं. हो म्हणायचं आणि सुटायचं. तिने बाहेर पाहिलं. आबांनी भिजत असलेल्या सरीच्या तोंडाशी खूण म्हणून खोरं रोवलं आणि बांधावर निवांत बसून तंबाखू मळायला घेतली.

"नको, मॅडम. इथूनच होऊ द्या," ती म्हणाली.

वीस मिनिटांनी लाईट आली. आबा मोटर चालू करायला विहिरीकडे गेले. शिवकन्याने प्रोग्राम सुरू केला. तो क्षणभर थांबला. मग ओळ उमटली: 'सहा हजार चारशे बारा, पोचलाय.' आणि पुढे सहा हजार चारशे तेरा!

आकडा दहा हजारांवर थांबला. राहिलेले शून्य, दोनदा गेलेले शून्य. ती बाजेवरून अशी उठली की खालची कोंबडी फडफडत पळाली.

"जमलं!" मॅडमही ओरडल्या. "पण एक सांगा. शेवटचा निरोप खरंच पोचला का, ते आधी विचारून बघणाऱ्या पायरीला तुम्ही 'आबांचा पाय' असं का नाव दिलंय?"

शिवकन्याने फोन दाराबाहेर धरला.

आबा विहिरीवरून परतले होते. खोरं रोवलं होतं तिथेच होतं, पण त्याला हात न लावता ते त्या सरीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, चप्पल काढली आणि मातीत पाय दाबला.

"शिवे, ही भिजली हाय गं," ते ओरडले. "म्होरच्या सरीला सोड!"