मान डोलावणारी शेजारीण

लोर्नाच्या हातातली मटारची शेंग अर्धी सोललेलीच राहिली. शेजारच्या जिल्बेर्तकाकू आत्ता जे बोलल्या ते तिला कळलं होतं. सगळंच.

नवऱ्याला पवनचक्क्यांचं काम मिळालं म्हणून लोर्ना नेब्रास्काहून इथे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकात, मातान गावी आली, त्याला आठ महिने झाले. फ्रेंचचा क्लास लावायला तिनं साफ नकार दिला होता. भाषा माणसांत राहून येते, असं ती नवऱ्याला ऐकवायची. माणसांत राहून आतापर्यंत झालं होतं ते एवढंच, की केस कापायला गेल्यावर 'केस' आणि 'घोडे' या सारख्याच वाटणाऱ्या फ्रेंच शब्दांत गफलत करून तिनं "माझे घोडे जरा आखूड करा" असं सांगितलं आणि सारं दुकान खुर्च्यांना धरून हसलं.

काकू मात्र कधी हसल्या नाहीत. रोज दुपारी आपल्या गॅलरीत लोर्नाला शेजारी बसवून त्या भरभर फ्रेंच बोलायच्या आणि लोर्ना "हो, हो" करत मान डोलवायची. आपल्या स्वभावातच काही गोडवा असणार, म्हणून काकू एवढ्या मोकळ्या होतात, अशी तिची समजूत.

आज काकू म्हणाल्या होत्या, "एकोणीस वर्षांची होते मी. लग्न झालेलं नव्हतं. मुलगा झाला, पण इस्पितळातल्या नन्सनी मला तो दाखवलाही नाही. नुसतं रडणं ऐकलं. आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही मी. तुझं बरं आहे बाई, तुला काही कळत नाही."

ते शेवटचं वाक्यही कळलं. आठ महिन्यांचा तोरा खाडकन उतरला आणि मान डोलवायची राहून गेली.

काकूंचे हात थांबले. "तुला कळलं का गं?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा आणि आपण ऐटीत हो म्हणावं, यासाठी तर लोर्ना आल्यापासून झुरत होती.

"नाही काकू," ती म्हणाली. "तुम्ही फार भरभर बोलता. मला एक शब्दही कळला नाही."

तिच्या फ्रेंचमध्ये एकही चूक नव्हती. हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

काकूंनी मांडीवरचं भांडं खाली ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि लहान मुलाला शिकवावं तसं एकेक शब्द सुटा करत, अगदी सावकाश म्हणाल्या, "मी त्याचं नाव ओमेर ठेवलं होतं."