नाव नाही

"हा ठिपका काढून टाका," साहेब म्हणाले. "लोक काय, वाट्टेल ते लिहितात."

नकाशावालीने माउसवरचा हात उचलला. पूर नियंत्रण कक्षात तिला सगळे याच नावाने ओळखत. शहरातल्या कुणीही फोनवरून नकाशावर ठिपका टाकायचा, खाली दोन शब्द लिहायचे, आणि तिने खरंखोटं करून बोट कुठे पाठवायची ते सांगायचं, असं हे काम. सकाळी एका महाभागाने रिकाम्या शाळेवर 'माणसं अडकलीत' असं लिहिलं. तिने विश्वास ठेवला, आणि बोट दोन मांजरं घेऊन परत आली. तेव्हापासून साहेबांचा राग नाकाच्या शेंड्यावर होता.

हा ठिपका मात्र तिच्या दादाच्या घरावर होता. वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनी, खाली सगळं पाणी. कालपासून त्यांना फोन लागत नव्हता, नेटवरून ठिपका तेवढा पोचत होता. वहिनी तर माहेरी निघायच्या तयारीत होती, बॅगसुद्धा भरून ठेवलेली. पण घरच्यांसाठी बोट वळवली असं कुणी म्हणायला नको म्हणून हे घर दादाचं आहे, हे नकाशावालीने कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी त्याच घरावरून 'दोन माणसं' असं आलं होतं. आता आलं होतं, 'तीन माणसं. नाव नाही.'

"सकाळी दोन, दुपारी तीन. पुरात माणसं वाढतात का?" साहेबांनी विचारलं. "आणि निनावी ठिपका बाद, हा नियम तुमचाच."

नियम तिचाच होता. तिने तो मजकूर पुन्हा वाचला आणि खुर्ची मागे सरकवून उठलीच.

"साहेब, ज्याला नाव द्यायचं नाही तो 'नाव नाही' असं कशाला लिहील? नाव म्हणजे होडी. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी वर आलंय, आणि निघायला नाव नाही."

साहेबांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. मग हसू दाबत त्यांनी राखीव ठेवलेली शेवटची बोट सोडली. या वेळीही मांजरं निघाली तर ती तुमच्या घरी, असं बजावायला ते विसरले नाहीत.

बोट पोचेपर्यंत तिने हातातला चहा गार केला. शेवटी वायरलेस खरखरला.

"नाव नाही कोण म्हणालं?" बोटवाला विचारत होता. "वाहत आलेली एक जिन्यालाच बांधलीय की, चांगली मोठी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. नकाशावालीचं तोंड एवढंसं झालं.

"मग ते निघाले का नाहीत?" तिने कसंबसं विचारलं.

वायरलेसवर कसलीशी गडबड झाली. मग दादाचा आवाज आला, हसतोय की रडतोय ते कळेना असा.

"अगं आत्याबाई, तिसरीला अजून नाव नाही. ते तू ठेवायचंस."