वीस वर्षांचा अंदाज

पणदरे गावातून वीस वर्षांनी किती ट्रक जातील आणि हवा किती बिघडेल, याचा अंदाज रस्ते खात्यासाठी मेघनानंच मांडला होता. त्यात घाईचं कारण दिसेना, म्हणून बाह्यवळण रस्ता लांबणीवर पडला. सहा वर्षांनी तिनं तिथल्याच अक्काबाईआत्याच्या ओट्यावर हवा तपासायचं यंत्र लावलं. संध्याकाळी आतला पांढरा कागद काढला, तर तव्याच्या बुडासारखा काळा निघाला. त्यावरच्या धुळीचं वजन करून तिनं साहेबांना फोन लावला. "सर, दोन हजार चाळीस सालासाठी धरलेला आकडा आजच आलाय." "रविवारी परत मोजा. गाड्या कमी असतात." "नाही सर. मी हाच पाठवते." दारात खोकत उभ्या आत्यानं विचारलं, "मेघे, आता तरी गाड्या गावाबाहेरनं जातील न्हवं?" रस्ता व्हायला अजून पाच वर्षं होती. डॉक्टरांनी आत्याला दोनच दिली होती. "जातील, आत्या." कधी, ते मात्र मेघनानं सांगितलं नाही.